किमान शिल्लक डॉलरमध्ये, पैसा दुसऱ्याच चलनात

शेअर बाजारात तोटा व्हायचा तर आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वमताने हा समज खोटा ठरवला. युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही, हा प्रश्न होता. मतदानाच्या दिवशी एका पौंडाला सुमारे १.४८ डॉलर मिळत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच भाव १.३७ डॉलरच्या आसपास आला. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने अमेरिकी ब्रोकरकडे १८,००० पौंड रोख ठेवले होते असं धरू. खात्यात एकही शेअर नाही, एकही सौदा नाही. तरी डॉलरच्या हिशेबात त्याची शिल्लक २६,६४० वरून २४,६६० वर आली. पौंडात पाहिलं तर एक पेनीही कमी झालेली नव्हती. पण रोजच्या रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी अमेरिकेत जी किमान शिल्लक ठरलेली होती ती २५,००० डॉलर होती, आणि हा माणूस त्या संध्याकाळपर्यंत त्या रेषेच्या खाली गेलेला होता.

हे प्रकरण त्या रेषेबद्दल आहे. ती कुणी आखली, का आखली, आणि ज्याचा पैसा डॉलरव्यतिरिक्त दुसऱ्या चलनात आहे त्याच्यासाठी ती जागची का हलते, हे नीट समजून घेतलं तर पुष्कळ नुकसान टळतं.

नियम काय सांगतो

अमेरिकेतल्या ब्रोकर कंपन्यांवर देखरेख करणारी स्वयंनियामक संस्था म्हणजे फिनरा. २००७ मध्ये एनएएसडी ही जुनी संस्था आणि न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचा नियमन विभाग एकत्र करून ती उभी राहिली. तिच्या ४२१० क्रमांकाच्या नियमात मार्जिन खात्याच्या अटी आहेत. मार्जिन खातं म्हणजे ज्यात ब्रोकर ग्राहकाला शेअर तारण ठेवून उधारी देतो ते खातं. असं खातं उघडायला साधारणपणे २,००० डॉलर पुरतात. मात्र २००१ पासूनच्या नियमानुसार ग्राहक सराईत डे ट्रेडर ठरला की अट २५,००० डॉलरवर जाते. ही अट बदलण्याच्या हालचालींबद्दल शेवटी येईल.

सराईत कोण, याची व्याख्या आकड्यांत आहे. सलग ५ कामकाजाच्या दिवसांत ४ किंवा त्याहून जास्त डे ट्रेड केले आणि त्या काळातल्या एकूण सौद्यांत त्यांचं प्रमाण ६ टक्क्यांहून अधिक असलं, की खात्यावर शिक्का बसतो. त्या ५ दिवसांत एकूण ६० सौदे आणि त्यात ४ डे ट्रेड असतील तर प्रमाण ६ टक्क्यांच्या वर जातं. एकूण ८० सौदे असतील तर ते ५ टक्क्यांवर राहतं आणि शिक्का बसत नाही. सामान्य ग्राहकाचे सौदे इतके नसतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत चौथा डे ट्रेडच निर्णायक ठरतो.

एकच शेअर एकाच दिवशी घेऊन विकला, किंवा आधी शॉर्ट करून त्याच दिवशी परत घेतला, की एक डे ट्रेड झाला. मोजणीत लोक नेहमी चुकतात म्हणून हे उदाहरण पाहा. सकाळी १,००० शेअर घेतले आणि दुपारी ५००-५०० करून दोनदा विकले, तर तो एक डे ट्रेड. घेतले, विकले, पुन्हा घेतले, पुन्हा विकले, तर ते दोन. ऑप्शनचे सौदेही यात धरले जातात. बाजार उघडण्याआधीचे आणि बंद झाल्यानंतरचे सौदेही सुटत नाहीत.

२५,००० डॉलर म्हणजे रोकडच हवी असं नाही. रोकड, अधिक नियमात बसणाऱ्या शेअर-रोख्यांची किंमत, वजा ब्रोकरची उधारी, असं निव्वळ मूल्य धरतात. ते डे ट्रेडिंग सुरू करण्याआधी खात्यात असावं लागतं. दोन वेगळ्या खात्यांतल्या शिलका एकत्र करून ते दाखवता येत नाही.

या अटीच्या बदल्यात ग्राहकाला एक सवलत मिळते. आदल्या दिवशी बाजार बंद होताना खात्यात राखीव मार्जिन वजा जाऊन जे उरलं त्याच्या चौपट रकमेपर्यंत तो दिवसभरात खरेदी करू शकतो. समजा निव्वळ मूल्य ४०,००० डॉलर आहे आणि रात्रभर ४०,००० डॉलरचे शेअर धरून ठेवले आहेत. त्यावर २५ टक्क्यांप्रमाणे १०,००० डॉलर राखीव धरले जातात. उरले ३०,०००. म्हणजे दिवसाची खरेदीक्षमता १,२०,००० डॉलर. हीच चौपट ताकद या नियमाच्या मुळाशी आहे.

रेषा आखावी का लागली

१९२९ च्या पडझडीआधी अमेरिकेत शेअरच्या किमतीचा छोटासा भाग भरून बाकी उधारीवर खरेदी करणं सर्रास चालायचं. बाजार कोसळल्यावर उधारी बुडाली आणि तिच्याबरोबर ब्रोकर आणि बँकाही अडचणीत आल्या. म्हणून १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज ॲक्टने उधारीची मर्यादा ठरवण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेला दिला. त्यातून रेग्युलेशन टी आलं. खरेदीच्या वेळी ग्राहकाने ५० टक्के रक्कम स्वतःची घालायची, हे प्रमाण १९७४ पासून तसंच आहे.

या व्यवस्थेत एक फट राहून गेली होती. मार्जिनचा हिशेब दिवसाच्या शेवटी व्हायचा. सकाळी दहा लाख डॉलरची खरेदी करून दुपारी तीनला सगळं स्क्वेअर ऑफ करणाऱ्याच्या खात्यात संध्याकाळी काहीच शिल्लक पोझिशन दिसायची नाही. पोझिशन नाही म्हणजे मार्जिन नाही. दिवसभर त्याने केवढी जोखीम अंगावर घेतली होती, याची नोंद कुठेच व्हायची नाही. आणि त्याच्या खात्यात २,००० डॉलर असले तरी चालायचे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवरून सौदे करणं स्वस्त झालं. तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर रोज चढत होते, आणि भाड्याच्या कार्यालयात ओळीने मांडलेल्या संगणकांवर लोकांना बसवून डे ट्रेडिंग करायला लावणाऱ्या कंपन्या निघाल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने या धंद्यावर सुनावणी घेतली. १० मार्च २००० रोजी नॅसडॅक निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला. त्यानंतरची घसरण पुढे दोन वर्षांहून अधिक चालली. फेब्रुवारी २००१ मध्ये बाजार नियामक एसईसीने नव्या अटींना मान्यता दिली आणि २८ सप्टेंबर २००१ पासून २५,००० डॉलरचा नियम लागू झाला.

छोट्या माणसाला बाजारातून बाहेर ठेवण्यासाठी श्रीमंतांनी केलेला नियम, असं याचं वर्णन अनेकदा होतं. या रागात तथ्य आहे, कारण अट गुणवत्तेची नाही, पैशाची आहे. पण नियमाचा पहिला हेतू ब्रोकरचं आणि त्याच्या बाकीच्या ग्राहकांचं रक्षण हा होता. चौपट खरेदीक्षमतेवर खेळणाऱ्याचा डाव फसला तर नुकसान भरून द्यायला त्याच्या खात्यात काहीतरी असलंच पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

परकीय चलनातली शिल्लक कशी मोजतात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅनडातला माणूस कॅनेडियन डॉलर ठेवतो, जर्मनीतला युरो, लंडनमधला पौंड. अमेरिकी ब्रोकर अनेक चलनं एकाच खात्यात ठेवू देतात आणि ग्राहकाला आपल्या पसंतीचं मूळ चलन निवडू देतात. पडद्यावर सगळे आकडे त्याच चलनात दिसतात. नियम मात्र अमेरिकी डॉलरमध्ये लिहिलेला आहे.

रेग्युलेशन टी याबाबत स्पष्ट आहे. मुक्तपणे बदलता येणारं परकीय चलन त्याच्या डॉलरमधल्या किमतीइतकं धरता येतं, मात्र ती किंमत रोजच्या बाजारभावाने मोजली पाहिजे. ‘रोजच्या’ ही अट सगळ्यात महत्त्वाची. खातं उघडताना युरोचा भाव काय होता, पैसे पाठवताना बँकेने काय भाव लावला, याला अर्थ उरत नाही. काल संध्याकाळचा भाव आज सकाळी तुमची पात्रता ठरवतो.

याचा परिणाम किती मोठा होतो हे युरोने २०२१-२२ मध्ये दाखवलं. २०२१ च्या मे महिन्यात एका युरोला सुमारे १.२२ डॉलर पडत होते. त्या भावाने २५,००० युरो म्हणजे ३०,५०० डॉलर. किमान रकमेच्या वर साडेपाच हजार डॉलरची मोकळीक. जुलै २०२२ मध्ये युरो आणि डॉलर बरोबरीला आले आणि सप्टेंबरच्या अखेरीस युरो ०.९६ च्याही खाली गेला. तेच २५,००० युरो आता २४,००० डॉलर झाले. या सोळा महिन्यांत खातेदाराने सौद्यांत ना नफा ना तोटा केला असता, तरी तो पात्र होता तो अपात्र झाला असता.

कॅनडातल्या लोकांनी हाच अनुभव जरा लांबच्या पल्ल्यावर घेतला. २०१२-१३ च्या सुमारास कॅनेडियन डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीत होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ०.७० च्याही खाली गेला. ३०,००० कॅनेडियन डॉलरची शिल्लक आधी सुखरूप वाटत होती. नंतर तिची किंमत २१,००० अमेरिकी डॉलरही राहिली नाही.

एकाच खात्यातले दोन खड्डे

परकीय चलनाच्या खात्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पडद्यावर सहज दिसत नाही म्हणून जवळून पाहू.

खात्यात २८,००० युरो आहेत, भाव १.१०. निव्वळ मूल्य ३०,८०० डॉलर. खातेदार २०,००० डॉलरचे अमेरिकी शेअर घेतो, पण युरो विकून डॉलर घेत नाही. ब्रोकर सौदा अडवत नाही. तो डॉलर उधार देतो आणि युरो तारण धरतो. आता खात्यात तीन नोंदी आहेत: जमेला २८,००० युरो, उधारीला २०,००० डॉलर आणि २०,००० डॉलरचे शेअर. पोझिशन रात्रभर राहिली तर उधारीवर व्याज चढतं.

पुढे शेअर १० टक्के पडले. २,००० डॉलर गेले. त्याच आठवड्यात युरो १.१० वरून १.०५ वर आला. तारण असलेल्या २८,००० युरोंची किंमत १,४०० डॉलरने घटली. निव्वळ मूल्य राहिलं २७,४००. खातेदाराच्या डोक्यात फक्त पहिला तोटा असतो, कारण सौदा त्याने केला होता. दुसरा तोटा त्याने काहीही न केल्यामुळे झालेला असतो.

त्याने आधीच सुमारे १८,१८२ युरो विकून २०,००० डॉलर घेतले असते, तर उरलेल्या ९,८१८ युरोंवर चलनाचा तोटा ४९१ डॉलर झाला असता. व्याजही पडलं नसतं. चलन बदलताना ब्रोकर थोडी रक्कम कापतो, ती मोजून घ्यावी लागते. पण तो खर्च आधी कळतो आणि एकदाच होतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. डॉलर घेऊन ठेवल्यावर युरो वधारला, तर घरखर्चाच्या युरोंत मोजताना शिल्लक कमी दिसेल. चलनाची जोखीम पूर्णपणे नाहीशी होत नाही. ती नियमाच्या बाजूला ठेवायची की घराच्या बाजूला, एवढीच निवड आपल्या हाती असते.

दुबईचा हिशेब वेगळा

सगळी चलनं अशी हलत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराला बांधलेला आहे. सौदी रियाल ३.७५ ला. दुबईत किंवा रियाधमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना म्हणून हा प्रश्न जवळजवळ जाणवत नाही. २५,००० डॉलर म्हणजे सुमारे ९१,८१३ दिरहम, हा आकडा गेली अनेक वर्षं तोच आहे.

मात्र बांधलेलं चलन म्हणजे कायमचं सुरक्षित चलन, असं गृहीत धरू नये. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर राखला होता. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने पूर्वसूचना न देता हात काढून घेतला आणि काही मिनिटांत फ्रँक प्रचंड उसळला. चलनाच्या बाजारात मोठ्या उधारीवर उलटी बाजू धरून बसलेल्या ग्राहकांची खाती शून्याच्याही खाली गेली. अल्पारी या चलन-ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि एफएक्ससीएम या बड्या ब्रोकरच्या ग्राहकांकडून सुमारे २२.५ कोटी डॉलर येणं राहिलं. ज्या दराच्या भरवशावर हिशेब केला होता तो दरच नाहीसा झाला, तर कुठलीही किमान शिल्लक पुरत नाही.

रेषेखाली गेल्यावर काय होतं

या नियमानुसार शिक्का बसलेल्या खात्याचं मूल्य २५,००० डॉलरखाली गेलं की रक्कम पुन्हा भरेपर्यंत डे ट्रेडिंग बंद. हातातले शेअर जबरदस्तीने विकले जात नाहीत, पण आज घेतलेलं आजच विकण्याची मुभा जाते. ज्याची सगळी पद्धत दिवसाअखेर हात रिकामे करण्याची आहे, त्याला नेमकी ही गोष्ट जाचते. लंडनच्या उदाहरणातल्या माणसाला ३४० डॉलरची, म्हणजे जेमतेम २५० पौंडांची तूट होती. ती भरता येते, पण भरलेली रक्कम लगेच काढून घेता येत नाही. नियमाप्रमाणे ती कामकाजाचे दोन दिवस खात्यात राहावी लागते.

दिवसाच्या खरेदीक्षमतेपेक्षा जास्त सौदे केले तर प्रकरण वाढतं. ब्रोकर मार्जिन कॉल, म्हणजे तूट भरण्याची मागणी, काढतो. तो भरायला कामकाजाचे ५ दिवस मिळतात आणि तोवर खरेदीक्षमता चौपटीवरून दुपटीवर येते. तरीही रक्कम आली नाही तर ९० दिवस, किंवा कॉल भरेपर्यंत, फक्त हातातल्या रोकडीवर सौदे करावे लागतात. परदेशी बँकेतून पैसे यायला दोन-तीन दिवस लागतात, मधे शनिवार-रविवार येतो, एखादी बँकेची सुट्टी येते. स्थानिक माणसाला पुरेसे वाटणारे ५ दिवस परदेशातल्या खातेदाराला अपुरे पडू शकतात.

उधारीशिवायचं रोख खातं हा दुसरा मार्ग आहे. त्याला २५,००० ची अट लागत नाही. मात्र विक्रीचे पैसे सेटल झाल्यावरच पुन्हा वापरायचे असतात. २८ मे २०२४ पासून अमेरिकेत सौदा लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी सेटल होतो, त्यामुळे ही अडचण बरीच सौम्य झाली आहे. पण पैसे भरण्याआधीच शेअर घेऊन विकून टाकले, तर रोख खातंही ९० दिवसांसाठी गोठवलं जातं.

भारतात राहणाऱ्या वाचकासाठी

पुण्यात किंवा कोल्हापुरात राहून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांना पैसे पाठवायचा रस्ता म्हणजे रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना. २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मर्यादा वर्षाला २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती २,५०,००० डॉलर आहे. परदेशी शेअर घेण्यासाठी ही रक्कम वापरता येते. परदेशातल्या एक्स्चेंजला किंवा ब्रोकरला मार्जिनपोटी, किंवा मार्जिन कॉल भरण्यासाठी पैसे पाठवायला मात्र मनाई आहे. म्हणजे ज्या खात्यासाठी २५,००० डॉलरचा नियम आहे, त्या प्रकारच्या उधारीच्या खात्याचा रस्ता निवासी भारतीयाला इथूनच बंद आहे. त्याने रोख खात्यातच राहायचं.

दुसरी अट रिकाम्या पडून राहिलेल्या शिलकेची. या योजनेतून पाठवलेले आणि गुंतवणुकीत न लागलेले पैसे १८० दिवसांत भारतात परत आणावे लागतात. ऑगस्ट २०२२ पासून ही तरतूद आहे. संधी येईल तेव्हा वापरू म्हणून परदेशी ब्रोकरकडे वर्षभर डॉलर ठेवून देणं या तरतुदीत बसत नाही. करासाठी निवासी ठरणाऱ्या सर्वसाधारण माणसाला विवरणपत्रात परदेशी खात्याची माहितीही द्यावी लागते.

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं नोकरी करून परतलेल्यांची गोष्ट निराळी. परदेशात राहत असताना मिळवलेली मालमत्ता परतल्यावरही बाळगायला फेमा या परकीय चलनविषयक कायद्याचं कलम ६(४) परवानगी देतं. त्यांनी तिथलं खातं घाईने मोडायची गरज नाही. पत्ता आणि करनिवास बदलल्याचं ब्रोकरला कळवणं मात्र आवश्यक आहे, आणि पुढचे व्यवहार जाणकार सनदी लेखापालाला दाखवूनच करावेत.

एका धोक्याबद्दल ठामपणे लिहायला हवं. परकीय चलनाच्या सौद्यांना २५,००० डॉलरचा नियम लागू होत नाही, हे खरं आहे. याच खऱ्या वाक्याचा आधार घेऊन ‘शंभर डॉलरमध्ये फॉरेक्स खातं उघडा’ अशा जाहिराती मराठीतूनही फिरत असतात. भारतात राहणाऱ्याने चलनाचे सौदे अधिकृत संस्थांमार्फत, मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचावरच करायचे आहेत. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते. एखादं नाव त्या यादीत नाही म्हणजे ते अधिकृत आहे, असा अर्थ मात्र काढू नये. हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे.

रेषा की सततची मोजणी?

रुपयात कमावणाऱ्यासाठी ही अट कालांतराने जड होत गेली. २००१ मध्ये एका डॉलरला सुमारे ४८ रुपये पडत होते, म्हणजे २५,००० डॉलरला १२ लाख. सप्टेंबर २०२५ मधल्या ८८ रुपयांच्या भावाने तेच २२ लाख होतात. अमेरिकी माणसासाठी नेमकं उलट घडलं. महागाईमुळे डॉलरची किंमत उतरली, आकडा तसाच राहिला आणि अट हळूहळू हलकी झाली. एकाच आकड्याचे दोन देशांत दोन वेगळे अर्थ झाले.

भारताने वेगळी पद्धत निवडली. आपल्याकडे इंट्राडे करायला मोठी किमान शिल्लक लागत नाही, पण प्रत्येक सौद्याला आगाऊ मार्जिन लागतं. सेबीने डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने पीक मार्जिनचा नियम आणला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तो पूर्ण लागू केला. दिवसातून किमान चार वेळा, अचानक, खात्यातली जोखीम आणि मार्जिन ताडून पाहिलं जातं. संध्याकाळी हात रिकामे केले तरी दुपारची जोखीम लपत नाही.

अमेरिकाही त्याच दिशेने वळते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये फिनराच्या संचालक मंडळाने २५,००० डॉलरची अट आणि सराईत डे ट्रेडरचा शिक्का काढून, त्याजागी दिवसभरातल्या जोखमीवर आधारलेलं मार्जिन आणण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. असा बदल अमलात यायला एसईसीची मान्यता लागते, आणि त्यानंतर प्रत्येक ब्रोकर स्वतःची अधिक कडक अट ठेवू शकतो. म्हणून सौदा करण्याआधी आपल्या ब्रोकरकडून सध्या लागू असलेला नियम लेखी मागून घ्यावा. एक गोष्ट मात्र अशा कुठल्याही बदलाने बदलत नाही: मोजणी डॉलरमध्येच होणार आहे. अट २५,००० ची असो, २,००० ची असो किंवा क्षणाक्षणाला बदलणाऱ्या मार्जिनची, तुमचे युरो आणि पौंड डॉलरमध्ये रूपांतर करूनच पाहिले जाणार आहेत. जोखीम दिवसातून अनेकदा मोजली जाऊ लागली तर चलनाचा भावही तितक्याच वेळा आड येईल.

किती जास्त ठेवावं

किमान शिल्लक हे ध्येय समजून बरोबर तेवढेच पैसे भरणारा माणूस पहिल्याच आठवड्यात अडकतो. युरो सोळा महिन्यांत २१ टक्के पडू शकतो हे आपण पाहिलं. तेवढी पडझड सोसून २५,००० डॉलर उरायचे असतील तर सुरुवातीला सुमारे ३२,००० डॉलरइतकी रक्कम हवी, आणि त्यात सौद्यांतला तोटा धरलेलाच नाही. एवढी मोकळीक ठेवणं शक्य नसेल, तर निदान किमान रकमेइतके तरी पैसे डॉलरमध्ये बदलून ठेवावेत आणि बाकीचे आपल्या चलनात राहू द्यावेत. ब्रोकर कोणत्या वेळेचा चलनभाव धरतो आणि परकीय चलनाच्या तारणातून काही टक्के वजा करतो का, हे दोन प्रश्न खातं उघडतानाच विचारावेत. आपल्या बँकेतून पैसे पोचायला किती दिवस लागतात, हे छोटी रक्कम पाठवून आधीच पाहून ठेवावं.

हे सगळं केल्यावरही एक मोठा प्रश्न उरतोच. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात शेअर बाजाराच्या रोख विभागात इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ व्यक्ती तोट्यात होत्या. ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान इक्विटी फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग सुरू करून ३०० हून अधिक दिवस टिकलेल्यांपैकी ९७ टक्के लोकांनी पैसे गमावले. टिकून राहिल्याने शहाणपण येतं आणि मग नफा होतो, हा समज त्या आकड्यांत दिसत नाही. परकीय चलनात खातं ठेवून डे ट्रेडिंग करणारा माणूस या आधीच अवघड खेळात स्वतःवर दुसरी बाजी लावून घेतो, आणि ती बाजी तो बहुतेक वेळा मोजतही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला २५,००० डॉलर जमवण्यासाठी घरची पुंजी, मुलांच्या शिक्षणाचे पैसे किंवा कर्ज वापरावं लागणार आहे, त्याच्यासाठी हा व्यवहार नाही. ज्याच्याकडे ती रक्कम सहज आहे, त्याने शेअरचा तक्ता उघडण्याआधी रोज आपल्या चलनाचा भाव पाहावा आणि खात्याचं निव्वळ मूल्य डॉलरमध्ये वहीत लिहावं. आणि अमेरिकी खात्यातून चौपट खरेदीचा मोह दाखवणारा कुणी भेटला, तर त्याला आधी विचारावं: माझं चलन १० टक्के पडलं, तर या खात्यात काय उरेल? याचं उत्तर जो आकड्यात देऊ शकत नाही, त्याच्या भरवशावर एक रुपयाही परदेशी पाठवू नये.